तुम्ही आपसात बोलून घ्या

टुंग.

एवढासाच आवाज, पण स्वयंपाकघरात आम्ही तिघी इतक्या गप्प उभ्या होतो की तो मला भांडं पडल्यासारखा ऐकू आला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय वाजनं वं?" त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं.

मी मान हलवून 'काही नाही' म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं काय वाजलं ते.

बाहेर हॉलमध्ये पाहुणे बसले होते. माझ्या नणंदेला, वृषालीला, पाहायला आलेले. मुलगा ललित, त्याची आई रंजनाबाई आणि गावाकडून मुद्दाम आलेले त्याचे उखामामा. चहा झाला होता, लोचोचा नाश्ता झाला होता, वृषालीला विचारायचं ते विचारून झालं होतं. मग सासूबाई उठल्या, हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही आपसात बोलून घ्या," आणि आम्हाला घेऊन आत आल्या. मधलं दार लोटून घेतलं.

आमच्याकडे असंच करतात. खानदेश सोडून सासऱ्यांची हयात इथं सुरतेत कापडाच्या लूमवर गेली, गोडादऱ्यात घर झालं, पोह्यांच्या जागी लोचो आला, पण ही रीत गेली नाही. पोरगी पाहून झाली की घरच्यांनी उठायचं आणि आपला हॉल थोड्या वेळासाठी पाहुण्यांना देऊन टाकायचा. त्यांनी मोकळेपणी बोलायचं, आपण आत भांडी वाजवायची. नळ सोडायचा, मिक्सर फिरवायचा. आम्ही कान लावून बसलेलो नाही, हे त्यांना बाहेर कळलं पाहिजे. सासूबाई यात पटाईत. रिकामी कढईसुद्धा त्या अशी घासतात की अख्ख्या सोसायटीला वाटावं, यांच्याकडे आज जेवणावळ आहे. त्या दिवशी मात्र कढई त्यांच्या हातात तशीच राहिली. काय करणार? ललित त्यांना आवडला होता. वृषालीला तर दिसतच होतं.

वृषाली मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर साडीच्या डिझाइन काढते. ललितनं विचारलं, तुमची एखादी डिझाइन दाखवा ना. तर ही म्हणाली, तुमच्या आईंनी नेसलीय ती माझीच आहे, फक्त पदरातला मोर शेठनं बदलायला लावला. रंजनाबाईंनी पदर उलटसुलट करून पाहिला, ललित मोठ्यानं हसला, आणि वृषाली खाली मान घालायची विसरून त्याच्याकडे बघत राहिली. मी तिला इतकी निवांत कधी पाहिली नव्हती.

आणि आता ते टुंग.

तो आमचा डबा होता. टीव्हीच्या बाजूला ठेवलेला, चटणीच्या डब्याएवढा. माझ्या पोरीच्या, मयूच्या, पप्पांनी आणला. ते हजिऱ्याला प्लँटमध्ये आहेत, शिफ्ट संपवून बसनं घरी येईपर्यंत पोरगी झोपलेली, आणि ती उठते तेव्हा ते झोपलेले. म्हणून हा डबा. तिला गोष्टी सांगतो, गाणी लावतो, जेवणाच्या सुट्टीत पप्पा त्यातून तिच्याशी बोलतात. त्याला नावानं हाक मारली की टुंग वाजतं आणि वरचा दिवा लागतो. दिवा आहे तोवर तो ऐकत असतो. ऐकलेलं सगळं माझ्या फोनमध्ये जमा होतं, कारण तो माझ्या नंबरवर चालतो. मयू कुठली गोष्ट ऐकत झोपली ते शोधताना मला ते एकदा सापडलं होतं.

दारातून उखामामांचा आवाज आला. गावाकडच्या माणसाचा, शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. ललितनं नावानं हाक मारून डबा जागा केला असणार, आणि मामा त्याला कापसाचा भाव विचारत होते, अहिराणीत. डबा हिंदीत माफी मागत होता. ललित हसून सांगत होता, मामा, हिंदीत विचारा. मग पुन्हा टुंग. मग हसणं. मग आवाज खाली आले. रंजनाबाई काहीतरी हळू बोलू लागल्या, आणि मला आतल्या आत दिसत होतं की दिवा लागलेला आहे.

दार उघडून जायचं, प्लग काढायचा, दोन पावलांचं काम. पण पाहुणे आपसात बोलत असताना दार उघडायचं नसतं. लहानपणापासून हेच शिकलेली मी. उघडलं असतं तर त्यांना वाटलं असतं, ही ऐकत होती. म्हणून मी ओट्याला टेकून उभी राहिले, आणि डबा ऐकत राहिला.

पाहुणे गेले. "कळवतो," असं म्हणाले. सगळेच म्हणतात. ललितनं चप्पल घालताना उगाचच एकदा मागे पाहिलं.

मी फोन उघडला. यादीत सगळ्यात वर त्या वेळच्या चार ओळी. एकीत लिहिलेलं, कपास का भाव. बाकीच्या तिन्हींत, आवाज समझ नहीं आया. पण प्रत्येक ओळीपुढे तो छोटा बाण होता, दाबला की ऐकू येतो तो.

वृषाली माझ्या खांद्यावरून बघत होती. "भाभी, आ शुं छे?" घाबरली की ती गुजरातीत जाते.

मी सांगितलं काय ते. सासूबाई पदरानं हात पुसत जवळ आल्या. त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. मग त्या खुर्ची ओढून बसल्या, अगदी सिरियल लागायच्या वेळेला बसतात तशा.

"लाव ना मंग. आयकू दे."

त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. वृषालीची एकदा सुपारी फुटलेली आहे. दोन वर्षं झाली. नवापूरची माणसं होती. ह्याच हॉलमध्ये बसून, ह्याच लोटलेल्या दारामागं आपसात बोलून, हसतमुखानं होकार देऊन गेली. लग्नाचा हॉल बुक झाला, पत्रिका वाटून झाल्या, आणि मग एका फोनवर सगळं मोडलं. कारण सांगितलं नाही. आजपर्यंत नाही. वृषालीनं नंतर कितीतरी महिने मार्केटला जायची वाट बदलली होती, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. तेव्हापासून सासूबाईंच्या मनात एकच, की त्या दिवशी दाराआड ते काय बोलले ते कळलं असतं तर.

"मांगल्या टाइमले हाऊ डबा ऱ्हाता ना," त्या म्हणाल्या, "ते मनी पोर वाचती."

मी मयूच्या पप्पांना फोन लावला. मागे मशिनांचा आवाज. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढी भानगड कशाला, गुपचूप पुसून टाक, कोणाला कळणार आहे. आणि जेवायची बेल झाली म्हणून ठेवला. पुरुषांचं बरं असतं, त्यांची बेल वेळेवर होते.

फोन ठेवते न ठेवते तोच सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला. चष्मा डोक्यावर, डोळ्यांपुढे नाही. अंगठा दाबला. चारपैकी एकीवर पडायचा तो खालच्या पाचवीवर पडला.

आधी मयूचा आवाज आला, डब्याला दटावणारा, गाना लगाओ, वो वाला नहीं, दूसरा वाला. आणि तिच्या मागं, लांबून पण अगदी स्वच्छ, सासूबाईंचाच आवाज.

"सुपारीनं नाव काढू नको वं. इचारतीन तरी नही म्हन."

मग वृषालीचा, "आई, मंग खोटं बोलू का?"

मग गाणं सुरू झालं.

पाहुणे यायच्या आधीचं होतं ते, मयूला खाली खेळायला पाठवायच्याही आधीचं. मी आत लोचोवर शेव पसरत होते तेव्हाचं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. सासूबाईंनी फोन ओट्यावर ठेवला, हात भाजल्यासारखा. बराच वेळ त्या डब्याकडे बघत होत्या, म्हणजे डबा हॉलमध्ये आणि त्या इथं, पण मधल्या दाराकडे बघत होत्या.

"हाई बी लिखी लिधं का त्यानी?"

मी म्हटलं, हो आई, सगळंच. आणि दाखवायला म्हणून बोटानं यादी खाली खाली नेली. पुष्कळ होतं. माझं कुकर लावताना कुणावर तरी चिडणं. कुणाचं खोकणं. आणि मधूनमधून, कितीतरी ठिकाणी, एकच ओळ. पापा घर पे कब आएंगे. मयूचं हिंदी. डब्याला मराठी कळत नाही म्हणून ती त्याच्याशी हिंदी बोलते. आणि प्रत्येक वेळी खाली डब्याचं उत्तर, माफ़ कीजिए, मुझे यह नहीं पता.

मला ती हे कधी विचारत नाही. मला वाटायचं, पोरीला सवय झाली. मी तिला शिफ्टचं गणित समजावून सांगितलं असतं, आणि तिला ते ऐकायचं नसणार. तिला नुसतं विचारायचं असणार. ती दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपते, तिच्या केसांना पेन्सिलच्या भुशाचा वास येतो, मला वाटतं ह्या डोक्यातलं सगळं मला माहीत आहे. नाहीये. आणि जे मला माहीत नाही, ते एका डब्याकडे जमा होतं.

त्यानंतर मला काय करायचं ते स्पष्ट दिसलं. कुणाशी सल्लामसलत करायची गरज उरली नाही.

मी म्हटलं, आई, हे आपण ऐकायचं नाही आणि लपवून पुसायचंही नाही. त्यांचं आहे, त्यांना सांगायचं.

सासूबाई उसळल्या. "कोन सांगस आपलं आपन? नणंदनं लगीन मोडाले निंघनी का?"

त्यांच्या बोलण्यात दम होता. सांगितलं तर ती माणसं म्हणणार, हे लोक घरात आवाज पकडायचं यंत्र लावून पाहुणे बोलावतात. भेस्तानपासून उधन्यापर्यंत गोष्ट पसरणार. वृषालीकडे पुन्हा कोण येणार? सगळं मला कळत होतं. तरी मी हटले नाही.

"आई, 'तुम्ही आपसात बोलून घ्या' असं आपण म्हणालो. शब्द आपला होता."

सासूबाईंनी तोंड फिरवलं, पटलं म्हणून नाही, चिडून. वृषाली मात्र माझ्याकडे बघत होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. तिलाही ऐकायचं होतं. आमच्या तिघींत सगळ्यात जास्त तिलाच ऐकायचं होतं, कारण त्या तीन ओळींत तिच्याबद्दल काय बोलले ते होतं. तिनं हात पुढे केला. मला वाटलं, आता ही बाण दाबणार, आणि तिनं दाबला असता तर मी अडवलं नसतं. तिचा हक्क माझ्यापेक्षा मोठा होता.

तिनं माझा फोन बाजूला सारला आणि आपला घेतला. ललितनं नंबर दिलेला होता. लावला.

"वृषाली बोलतेय. आमच्या हॉलमध्ये तो डबा आहे ना, त्यात तुमच्या घरच्यांचं बोलणं आलंय. आम्ही ऐकलेलं नाही. तुम्ही सांगाल तसं करू." मग तिनं एकदा आईकडे पाहिलं. "आणि माझी एकदा सुपारी फुटलेली आहे. मोडलं ते. हे मघाशीच सांगायला पाहिजे होतं, राहिलं."

पलीकडून ललित काहीतरी बोलला, थोडंच, आणि फोन बंद झाला. वृषालीनं सांगितलं, तो म्हणाला, आईशी बोलतो.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी भाकरी अशा थापल्या की खालच्या मजल्यावरच्या पुष्पाबाई विचारायला आल्या, फर्निचरचं काम काढलंय का. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ताट वाढलं, मीठ विसरल्या. मुद्दाम विसरल्या असणार. मी मागून घेतलं नाही. मी डब्याचा प्लग काढला आणि मयूला गोष्ट मी सांगितली. तिनं दोन चुका काढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षातून रंजनाबाई उतरल्या. एकट्याच. सासूबाई धावतपळत हॉलमधला पंखा लावायला निघाल्या, तर त्या चपला काढून सरळ स्वयंपाकघरातच आल्या आणि धान्याच्या कोठीवर बसल्या.

"हॉलमध्ये नको बाई. इथंच बरं आहे."

मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, तो कुठं आहे. मी हॉलमधून डबा आणून दाखवला, प्लग काढलेला आहे म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून सासूबाईंनी उठून त्याच्यावर पातेलं पालथं घातलं. तेव्हा कुठं दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि घरात कालपासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

"ललित म्हणतो, त्यांनी ऐकलं नाही," रंजनाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, असं कोण नाही ऐकत? मी तर ऐकलं असतं. खरं सांगा."

"मी ते आयकनारच व्हती," सासूबाई म्हणाल्या. "हाई सून मधमां पडनी."

आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, त्या बोलायला लागल्या. नवापूरची माणसं, मोडलेलं लग्न, वृषालीची बदललेली वाट. पोरीला लपवायला आपणच सांगितलं, हेसुद्धा. अहिराणीत, थांबत थांबत, मधेच ओट्यावरचं फडकं घडी घालत. दारामागं उभ्या असलेल्या वृषालीला ते सगळं ऐकू जात होतं, आणि ह्या वेळी ते त्यांना माहीत होतं.

रंजनाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, नवापूरचं त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांच्या जावेची माणसं निघाली ती. एवढ्याशा समाजात काय लपतं? तुमच्याकडून कधी निघतं, तेवढंच बघायचं होतं.

"काल हॉलमध्ये मी काय बोलले, ते मात्र मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "ते माझं आणि माझ्या भावाचं. पुसून टाका, माझ्यासमोर."

मी म्हटलं, त्यासाठीच थांबलेय. मला त्या फार आवडल्या.

त्यांनी होकार दिला का? तसा नाही दिला. पण म्हणाल्या, येत्या रविवारी तुम्ही सगळे भेस्तानला या, घर बघायला. आमच्यात घर बघायला बोलावतात ते कशासाठी, ते सगळ्यांना कळतं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर नीट केला. दारामागं बांगड्या वाजल्या.

"आम्हीपण तुम्हाला हॉलमध्ये एकटं सोडू," रंजनाबाई म्हणाल्या. "बोला काय बोलायचं ते. आमच्याकडे डबा नाही. शेजारीण आहे, पण तिचं सोडा, तिला बॅटरी लागत नाही."

तेवढ्यात मयू शाळेतून आली. दप्तर फेकलं, पाहुण्यांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि ते आधी उचललं. तिचा डबा खाली बघून तिला हायसं वाटलं. मी तिला जवळ ओढलं आणि फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. वृषालीही पुढे आली. रंजनाबाईंच्या चार ओळी मी एकेक करून पुसल्या. प्रत्येक वेळी फोन विचारत होता, नक्की का, आणि प्रत्येक वेळी रंजनाबाईच 'हां' म्हणत होत्या, जणू तो त्यांनाच विचारतोय. मग सासूबाई म्हणाल्या, ती सुपारीवालीबी काढ. ती काढली.

राहिल्या मयूच्या. त्या मी तिला न विचारता पुसणार नव्हते.

"मयू, तू ह्याच्याशी जे बोललीस ते सगळं ह्यात आहे. पुसू?"

तिनं बराच विचार केला. "पप्पावालं पण?"

"पप्पावालं पण. ते आता तू मला विचारायचं. मला येत असेल ते मी सांगेन, नाही आलं तर आपण दोघी मिळून वाट बघू."

"पुस," ती म्हणाली, आणि माझं बोट धरून स्वतःच ते दाबलं. यादी पांढरी झाली. खालून वर, वरून खाली, काहीच नाही. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. मलाही मोकळं वाटलं, घर झाडून झाल्यावर वाटतं तसं.

मयू अजून त्या पांढऱ्या पडद्याकडेच बघत होती. मग तिनं डबा हातात घेतला, उलटा करून त्याचा तळ बघितला, कानाशी लावला, आणि माझ्याकडे मान वर करून विचारलं,

"मम्मी, आपण तर पुसलं. पण ज्यानं ऐकलं, तो कुठं राहतो?"